जेलवर नको त्या पट्ट्या

पावसाळ्यात ताळगावात वीज गेली की आमच्या फ्रीझरची धाकधूक. एका रात्री तशी गेली. त्यातलं इकोआरआय (डीएनए ठरावीक क्रमावर कापणारं एन्झाइम) अर्धमेलं झालं असणार असं धरून मी २० मायक्रोलिटरच्या रिअॅक्शनमध्ये तब्बल ४ मायक्रोलिटर घातलं, वर रात्रभर ३७ अंशांवर ठेवलं. सकाळी जेलवर (तिथे डीएनएचे तुकडे लांबीप्रमाणे वेगळे होऊन पट्ट्या दिसतात) दोनाऐवजी पाच पट्ट्या! दोन दिवस प्लाझ्मिडच्या, म्हणजे मी कापत होतो त्या गोल डीएनएच्या, नावाने बोटं मोडली. मग ट्यूबवरचं बारीक अक्षर वाचलं: ग्लिसरॉल ५० टक्के. (म्हणूनच ते उणे २० ला गोठत नाही.) म्हणजे माझ्या रिअॅक्शनमध्ये १० टक्के, ५ च्या वर गेलं की हे एन्झाइम जीएएटीटीसी हा आपला ठरलेला क्रम सोडून तत्सम क्रमही कापायला लागतं, तीच स्टार अॅक्टिव्हिटी. पुन्हा केलं: १ मायक्रोलिटर, एक तास. दोनच पट्ट्या, लख्ख. एन्झाइम ठणठणीत होतं.