पुढे लॉ करायचंय, मग बी.ए. कोल्हापुरात की पुण्यात?

बारावीचा निकाल लागला की ओळखीतल्या कुणाच्या ना कुणाच्या घरी ही चर्चा सुरू होते. पोरीला वकील व्हायचंय, तर आधीची पदवी कोल्हापुरातच राजाराम कॉलेजला करावी, विवेकानंदला करावी, की सरळ पुण्याला पाठवावं? मी गारगोटीहून कोल्हापूरला बी.ए.ला आले, तेव्हा पुण्यातले मामा दर फोनला ‘इकडे आली असतीस तर’ म्हणायचे आणि मलाही ते पटायचं. पुढे इथंच तीन वर्षांचं एलएल.बी. केलं, आता एका सिनियर वकिलांकडे ज्युनिअरशिप चालू आहे. त्या काळी कुणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं, अशा काही गोष्टी लिहिते.

पहिली गोष्ट म्हणजे पदवी कुठल्या कॉलेजची आहे, याला एलएल.बी.च्या प्रवेशात काही किंमत नाही. महाराष्ट्रात तीन वर्षांच्या एलएल.बी.ला कुठल्याही शाखेची पदवी चालते. खुल्या प्रवर्गाला ४५ टक्के लागतात, राखीव प्रवर्गांना त्याहून कमी. पुढे गुणवत्ता यादी लागते ती सीईटीवर, म्हणजे राज्याच्या प्रवेश परीक्षेवर. दोघांचे सीईटीचे गुण सारखे आले तरच पदवीची टक्केवारी मध्ये येते. तिथंही कॉलेज पुण्याचं की गडहिंग्लजचं, हे कुणी विचारत नाही. मुक्त विद्यापीठाची पदवीसुद्धा चालते, फक्त बारावी रीतसर झालेली हवी. बारावी न करता थेट पदवी घेतली असेल तर वकिलीच्या शिक्षणाचे नियम करणाऱ्या बार कौन्सिलच्या २००८ च्या नियमांत ती बसत नाही. नव्या शैक्षणिक धोरणामुळे चौथं वर्ष करावं लागेल का, असं हल्ली बरेच जण विचारतात. लॉसाठी तिसऱ्या वर्षाअखेर मिळणारी पदवी पुरते.

मग कॉलेजच्या नावाची ही धास्ती येते कुठून? माझा संशय मोबाईलवर आहे. अमेरिकेत लॉ स्कूलला जायचं तर आधी पदवी लागतेच, आणि तिथं पदवीचे गुण आणि एलसॅट ही तिथली प्रवेश परीक्षा, दोन्ही तोलून बघतात. तिथल्या पोरांचे व्हिडिओ बघून आपली पोरं इथं कोल्हापुरात शाहूपुरीत बसून त्यांची काळजी करतात. आपल्याकडे तर बारावीनंतर थेट पाच वर्षांचा कोर्स आहे, आणि त्यासाठी कोल्हापूर सोडायचीही गरज नाही. वकिलीच करायची हे पक्कं असेल तर माझं मत पाच वर्षांच्या बाजूनं आहे, एक वर्ष वाचतं. न्यायाधीश व्हायचं असेल तर ते वर्ष आणखी महाग. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं दिवाणी न्यायाधीश कनिष्ठ स्तराच्या परीक्षेला तीन वर्षांच्या वकिलीची अट परत आणली. म्हणजे पदवी करून गेलात तर तीन, तीन आणि तीन. मन डळमळीत असेल तर मात्र आधी बी.ए. किंवा बी.कॉम. करा. लॉ नाही झालं तरी पदवी हातात राहते.

खरा विचार करायचा तो विषयाचा आणि इंग्रजीचा. तीन वर्षांच्या सीईटीत एक तृतीयांश प्रश्न इंग्रजीचे असतात. बाकी पेपर मराठीतही वाचता येतो, चुकलं तर गुण कापत नाहीत. म्हणजे मराठी माध्यमाच्या पोरांचं घोडं अडतं ते इंग्रजीपाशीच, आणि त्यावर औषध पुण्याच्या होस्टेलात मिळत नाही. रोज एक इंग्रजी अग्रलेख आणि त्याचा स्वतःच्या हातानं लिहिलेला सारांश, हे कुठंही बसून होतं.

विषयाबद्दल लोक म्हणतात राज्यशास्त्र घ्या, सोपं जातं. घ्या की. मी इतिहास घेतला होता आणि सोबत हौसेनं मोडी लिपीचा छोटा वर्ग केला होता. ‘त्याचा वकिलीला काय उपयोग?’ असं सगळ्यांनी विचारून झालं. मध्यंतरी सिनियरांकडे एका इनाम जमिनीची फाईल आली. सातबारा होता, फेरफार होते, पण सनद, म्हणजे इनाम दिल्याचा मूळ कागद, मोडीत. कागद घडीवर फाटलेला, शाई तपकिरी झालेली. वरची मिती, म्हणजे तारीख, आणि गावाचं नाव मला लागलं, तेवढ्यावरून हा आपल्याच जमिनीच्या गटाचा कागद आहे हे कळलं. पुढचं लिप्यंतर जाणकाराकडून करून घ्यावं लागलं, कोर्टात माझं वाचन कोण धरणार! पण सिनियरांनी त्या दिवसापासून जुने कागद माझ्याकडे सरकवायला सुरुवात केली. आपल्याकडे जमिनीचे दावे भरपूर, त्यामुळे हे काम संपत नाही.

पुण्या-मुंबईचा हट्टच असेल तर तो एलएल.बी.साठी राखून ठेवा. पुण्याचं आयएलएस लॉ कॉलेज १९२४ पासूनचं, मुंबईचं शासकीय विधी महाविद्यालय १८५५ पासूनचं. तिथं मूट कोर्ट (सरावाचे खोटे खटले), इंटर्नशिप, मुंबईत तर जवळ उच्च न्यायालय, यांचा फरक पडतो. पदवीच्या तीन वर्षांत खोलीभाडं आणि मेस वाचली तर तोच पैसा त्या एलएल.बी.ला कामी येतो. आणि आता सगळंच तिकडं आहे असंही नाही. १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापुरात सीपीआर रुग्णालयासमोरच्या जुन्या न्यायालयाच्या इमारतीत मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच, म्हणजे मुंबईबाहेर बसणारं खंडपीठ, चालू झालंय, कोल्हापूरसह सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी आणि सिंधुदुर्गसाठी. जिल्हा न्यायालयात मराठीवर निभावतं, बेंचसमोर मात्र ड्राफ्टिंग इंग्रजीतच. परत इंग्रजीच बघा.

बी.ए.च्या मधल्या वर्षात विद्यापीठ बदलायचा विचार माझ्याही डोक्यात येऊन गेला. चौकशी केली तर मायग्रेशनचा दाखला, विषयांची समकक्षता, राहिलेले पेपर अशी यादीच समोर आली, म्हणून नाद सोडला. घरची अडचण असेल तर गोष्ट वेगळी, नाहीतर बदलू नका. शेवटच्या वर्षाची मुलं सीईटी देऊ शकतात, पण प्रवेशाच्या वेळी पास झाल्याचं मार्कलिस्ट दाखवावं लागतं. एखादा बॅकलॉग राहिला तर सीईटीत कितीही गुण पडोत, वर्ष गेलं. डोमिसाईल, नॉन क्रिमीलेअर, जात पडताळणी यांचे अर्जही तिसऱ्या वर्षाच्या दिवाळीच्या सुट्टीतच टाकून द्या, प्रवेशाच्या दिवसांत सेतूत उभं राहायला जागा नसते.