बँकेचा पासवर्ड नंतर, आधी सिमकार्ड

माझ्या मामांचं कोल्हापुरात महाद्वार रोडला चपलांचं दुकान आहे. गेल्या दिवाळीआधी जुन्या गिऱ्हाइकाच्या नंबरवरून त्यांना व्हॉट्सअ‍ॅपवर लग्नपत्रिका आली. फाईलच्या नावाच्या शेवटी 'एपीके' होतं. "पत्रिकाच हाय की, त्यात काय बघायचं?" म्हणत त्यांनी ती उघडली आणि समोर आलेल्या प्रत्येक प्रश्नाला 'अलाऊ' दाबलं. एपीके म्हणजे पत्रिका नव्हे, अ‍ॅप. त्याला एसएमएस वाचायची परवानगी मिळाली की तुमचे ओटीपी परस्पर चोराकडे जातात. तासाभरात मामांच्या नावाने तीच पत्रिका शेकडो गिऱ्हाइकांना गेली.

त्या रात्री आम्ही त्यांचा फोन ज्या क्रमाने सावरला, तोच इथे देतो. लोक आधी बँकेचा पासवर्ड बदलायला धावतात. पण बँकेचा ओटीपी येतो नंबरवर, ईमेलचा विसरलेला पासवर्डही बहुतेक वेळा नंबरवरूनच परत मिळतो. म्हणून सुरुवात नंबरापासून.

सेटिंग्जमध्ये सिम लॉक शोधा आणि सिमला पिन लावा. म्हणजे चोरलेलं सिम दुसऱ्या फोनमध्ये घालून ओटीपी घेता येत नाहीत. मूळ पिन कंपनीला विचारून घ्या. तीनदा चुकलात तर सिम अडकतं आणि ते उघडायला कंपनीकडून पीयूके क्रमांक लागतो. कुरिअरवाला म्हणून कुणी तारांकनाने सुरू होणारा आकडा डायल करायला सांगितला असेल, तर कॉल दुसरीकडे वळवलेले असू शकतात. ##००२# डायल केलं की ते वळण रद्द होतं. आपल्या नावावर किती सिम आहेत, हे सरकारच्या संचार साथी पोर्टलवर दिसतं.

आता ईमेल, आणि इथे घाई नको. आपल्याकडे कितीतरी जणांचा जीमेल फोन विकणाऱ्या दुकानदाराने किंवा भाच्याने उघडून दिलेला असतो. पासवर्ड त्यांना ठाऊक, मालकाला नाही! मामांचंही तसंच निघालं. पासवर्ड बदला, रिकव्हरी नंबर चालू आहे ना ते बघा, टू-स्टेप व्हेरिफिकेशन, म्हणजे पासवर्डनंतरची दुसरी खात्री, सुरू करा. मिळालेले बॅकअप कोड कागदावर लिहून पासबुकाजवळ ठेवा, फोनमध्ये नको. फोटो आणि हिशेबाची एक प्रत वेगळ्या हार्डडिस्कवर घ्या. २०१९ च्या पुरात शाहूपुरीतल्या दुकानांत पाणी शिरलेलं आपण पाहिलंय. ती डिस्क दुकानात ठेवू नका.

व्हॉट्सअ‍ॅपमध्ये अकाउंटखाली टू-स्टेप व्हेरिफिकेशनचा सहा आकडी पिन लावा. लिंक्ड डिव्हायसेसमध्ये अनोळखी कॉम्प्युटर दिसला तर लॉग आऊट करा.

मग बँक. यूपीआयसाठी वेगळं खातं ठेवा, त्यात गरजेपुरतेच पैसे असू द्या. आधारचं बायोमेट्रिक, म्हणजे बोटांच्या ठशांवरून पटणारी ओळख, लॉक करा. व्यापाऱ्यांना तर कळकळीने सांगतो, मिलिटरीतून बोलतोय म्हणत पन्नास जोड्यांची ऑर्डर देणारा माणूस 'अ‍ॅडव्हान्स घ्यायला क्यूआर स्कॅन करा' म्हणाला, तर फोन ठेवा. पैसे घ्यायला पिन कधीच लागत नाही.

एवढं करूनही फसलात, तर इंटरनेट बंद करा आणि दुसऱ्या फोनवरून लगेच बँकेला आणि १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला कळवा. लाजेने सकाळपर्यंत थांबू नका. रिझर्व्ह बँकेच्या २०१७ च्या परिपत्रकानुसार, ओटीपी सांगण्याची चूक तुमची असली तरी कळवल्यानंतर होणारं नुकसान बँकेने सोसायचं असतं. म्हणून तक्रार क्रमांक आणि वेळ लिहून घ्या. मेसेज पुसू नका, स्क्रीनशॉट काढा. मगच बाहेरून आलेलं अ‍ॅप काढा. निघत नसेल तर फोन फॅक्टरी रीसेट करा.

आणि ओळखीच्यांना फोन लावा. मामांनी दुसऱ्या दिवशी दुकान उघडल्यावर आधी तेच केलं. तोवर दोघांनी पत्रिका उघडली होती, बाकीचे वाचले.