दारूविना कॉकटेल, तेही हर्बल चहातून : या चुका टाळा

श्रावण लागला की बऱ्याच घरांत 'बसणं' बंद होतं, आणि मग कुणीतरी फ्रीज उघडून बघतं की पुदिना आहे, लिंबू आहे, गवती चहा तर कुंडीतच आहे, चला मोहितो (रम, पुदिना, लिंबू, सोड्याचं कॉकटेल) टाइप काहीतरी करू. करतात, पितात आणि म्हणतात, अरे हे तर सरबतच झालं! होणारच ना. दारू काढली की नुसती नशा जात नाही, घशाला बसणारा चटका जातो, कडसरपणा जातो, गोडाला लगाम घालणारी गोष्टच जाते. ती जागा बहुतेक जण साखरेने भरतात आणि सगळी गडबड तिथेच होते. चटक्यासाठी आलं, मिरी नाहीतर मिरची वापरा, कडूसाठी संत्र्याच्या सालीचा पातळ तुकडा किंवा काडेचिराईताची अगदी बारीकशी काडी (बारीकशीच हं, ते जबरी कडू असतं), आणि आंबटाला लिंबू, कोकम आहेतच. साखर सगळ्यात शेवटी, चव घेत घेत.

हे कसं चालतं ते बघायचं असेल तर गोव्याकडे बघा. काजूच्या हंगामात तिकडे उर्राक निघते, म्हणजे बोंडूंच्या रसाची पहिली धार, तीच पुन्हा गाळली की फेणी. उर्राक पिणारे त्यात लिम्का, लिंबू, मीठ आणि उभी चिरलेली हिरवी मिरची टाकतात. आता यातली उर्राक काढा आणि तिच्या जागी कडक, गार केलेला गवती चहा घाला, बाकी सगळं तेच ठेवा, आणि खरंच मजा येते. कारण मिरचीतलं कॅप्सायसिन जिभेवरच्या ज्या रिसेप्टरला छेडतं त्यालाच अल्कोहोलही छेडतं, त्यामुळे चटका ओळखीचा वाटतो. फक्त मिरचीचे तुकडे करू नका आणि ती तासभर बुडवूनही ठेवू नका, नाहीतर ड्रिंकचा ठेचा होईल. एक उभी चीर द्या, बिया काढा, दोन-तीन मिनिटं ग्लासात फिरवा, चाखून बघा आणि बाहेर काढा.

दुसरी चूक म्हणजे चहा पुचाट करणं. गरम प्यायला जो बरोबर लागतो तोच चहा बर्फ आणि सोडा पडल्यावर पाणी पाणी लागतो. मग लोक काय करतात तर अजून उकळतात, दहा मिनिटं, पंधरा मिनिटं, आपल्याला काढ्याची सवय आहे ना! उकळून कडकपणा येत नाही, सुगंध उडून जातो आणि कडवटपणा उतरतो, कॅमोमाइलच्या फुलांचं तर हमखास होतं. वेळ पाच-सात मिनिटंच ठेवा आणि पानं-फुलं दुप्पट करा. आणि झाकण! गवती चहावर झाकण ठेवून पाच मिनिटांनी उचलून बघा, आतल्या बाजूला जे थेंब जमलेत ना त्यांचा वास घ्या, तुमचा निम्मा चहा तिथे लटकलेला असतो. ते थेंब सिंकमध्ये न झटकता परत भांड्यात पाडा. थोडा चहा आइस ट्रेमध्ये गोठवून ठेवलात तर बर्फ वितळला तरी चव पातळ होत नाही.

पुदिन्यावर मात्र लोक राग काढतात, खलबत्त्यात घालून चटणीच करतात. पानं फाटून चिंधड्या झाली की गवतट कडू चव उतरते आणि दातात हिरवे कण अडकतात ते वेगळंच. हातावर ठेवून एक टाळी वाजवा किंवा चमच्याने हलकं दाबा, बस्स. आणि पुदिना गरम चहात टाकायचा नाही, काळपट पडतो, चहा गार झाल्यावरच टाका. सोड्याचंही तसंच, कोमट चहावर ओतला की गॅस फुस्स, म्हणून दोन्ही थंडगार पाहिजेत आणि सोडा सगळ्यात शेवटी. साखर गार चहात विरघळत नाही, तळाशी बसते, तेव्हा समान पाणी-साखरेचा पाक आधीच करून ठेवा, मधही थोड्या कोमट पाण्यात कालवून घ्या.

हिबिस्कसच्या चहाची मार्गारिटा (मूळची टकिला-लिंबाची, ग्लासच्या काठाला मीठ लावलेली) करताना एक घोळ ठरलेला. बाजारात हिबिस्कस म्हणून जे मिळतं ते लाल अंबाडीच्या फुलाचं आंबट बोंड, आणि लोक अंगणातली जास्वंद घालतात. रंग येतो पण आंबटपणा नाही, मग रेसिपीला शिव्या. कोकम वापरणार असाल तर बाटलीवर नीट बघा, आगळ खारं असतं, अमृत कोकम गोड असतं. आगळ घालून वर ग्लासच्या काठाला मीठ लावलंत तर समुद्राचं पाणी तयार. निळ्या गोकर्णाचा चहा दिसायला भारी, लिंबू पिळलं की जांभळा होतो, पण चव जवळजवळ नसतेच, तेव्हा सोबत आलं किंवा गवती चहा हवाच, आणि लिंबू पाहुण्यांसमोर पिळा, आधीच पिळून ठेवलंत तर गंमत काय राहिली.

मॉस्को म्यूलसारखं (तांब्याच्या मगात देतात ते वोडका-आल्याचं कॉकटेल) काही करायचं म्हणून ऑनलाइन तांब्याचे मग मागवतात. आल्याचा चहा, लिंबू, सोडा, सगळं ठीक आहे, पण आतून कल्हई किंवा स्टीलचं अस्तर नसेल तर त्यात आंबट ओतू नका. पितळेत ताक कळकतं ना, तोच प्रकार.

पिना कोलाडामध्ये (मूळचं रम, अननस, नारळाचं कॉकटेल) कच्चा अननस आणि दूध एकत्र करून फ्रीजमध्ये ठेवलं की थोड्या वेळाने कडू लागतं, कारण अननसातलं ब्रोमेलेन दुधातली प्रथिनं तोडतं. अननस आधी चार-पाच मिनिटं उकळून घ्या. त्यापेक्षा नारळाचं दूधच वापरा आणि तेही चहा गार झाल्यावर, उकळत्या आंबट चहात ते फाटतं.

आता ज्यांना दारू अजिबात चालत नाही त्यांच्यासाठी करत असाल तर हे नक्की बघा : कॉकटेलमध्ये थेंब थेंब टाकतात ते अँगोस्टुरा बिटर्स साधारण 45 टक्के अल्कोहोलचं असतं, बऱ्याच व्हॅनिला एसेन्समध्येही अल्कोहोल असतं, कोंबुचा म्हणजे आंबवलेल्या चहातही थोडंफार असतं. लेबल वाचा किंवा सरळ संत्र्याची साल आणि दालचिनी वापरा. जेष्ठमध गोडीसाठी छान, पण रोज आणि भरपूर घेतलं तर बीपी वाढू शकतं, अंबाडीने उलट उतरू शकतं, त्यामुळे बीपीची गोळी चालू असणाऱ्यांनी आणि गरोदर बायकांनी डॉक्टरला विचारूनच घ्यावं.

आणि एवढं करूनही केलेला चहा बिघडलाच तर ओतून देऊ नका. कडू झालाय? चिमूटभर मीठ टाका, साखर नको. फार गोड? लिंबू आणि आल्याचा रस. फार आंबट असेल तर आधी पाणी न घालता अजून थोडा बिनआंबट चहा घाला. नुसताच मिळमिळीत लागत असेल तर दोन मिरे ठेचून टाका, पाच मिनिटं थांबा आणि गाळून घ्या.