वृद्धाश्रमात उलट्या-जुलाबांची साथ आली तर काय करायचं

एका आजींना रात्री उलटी झाली तर ते अपचन असू शकतं. पण त्याच मजल्यावर दोन दिवसांच्या आत आणखी कुणाला झाली, की कालच्या साबुदाण्याच्या खिचडीला दोष देत बसू नका. साथ आली असं धरून कामाला लागा. अचानक उलट्या, पाण्यासारखे जुलाब, ताप असलाच तर किरकोळ, एक ते तीन दिवसांत उतार असं असेल तर बहुधा नोरोव्हायरस, म्हणजे झपाट्याने पसरणारा उलट्या-जुलाबांचा विषाणूच. लागण झाल्यावर १२ ते ४८ तासांत त्रास सुरू होतो. म्हणजे तुम्हाला पहिली उलटी दिसते, तेव्हा आणखी काहींना लागण होऊनही गेलेली असू शकते. शौचात रक्त, चढता ताप किंवा तांदळाच्या धुवणासारखे सतत जुलाब असतील तर प्रकरण वेगळं आहे. ताबडतोब डॉक्टर बोलवा आणि टाकीचं पाणी तपासायला द्या.

१. वही घाला. नाव, खोली, वेळ, उलटी की जुलाब, त्या वेळी ड्यूटीवर कोण. डॉक्टरांना आणि पालिकेच्या आरोग्य विभागाला किंवा प्राथमिक आरोग्य केंद्राला त्याच दिवशी कळवा. संस्थेचं नाव खराब होईल म्हणून विश्वस्त कुरकुर करतील. झाकली मूठ सव्वा लाखाची हे धोरण इथे अंगाशी येतं.

२. माणसं वेगळी करा. आजारी व्यक्ती आपल्या खोलीतच, शक्यतो स्वतंत्र संडास किंवा कमोड, जेवण खोलीत. आजाऱ्यांकडे जाणारी मावशी दिवसभर दुसऱ्यांकडे जाणार नाही. भजन, पत्ते, पंगत, भेटायला येणारे, नवे प्रवेश सगळं बंद. कुणाला रुग्णालयात न्यावं लागलं तर रुग्णवाहिकेला आणि तिथल्या डॉक्टरांना आधी फोन करून सांगा.

३. उलटी पुसणं. साथ वाढते ती इथे, आणि मलाही ही पायरी सगळ्यात उशिरा जमली. उलटी झाली की हाताशी असतो तो पोछा फिनेलच्या बादलीत बुचकळून फिरवला जातो. खोली छान वास मारते. आणि तोच पोछा शेजारच्या खोलीत जातो. फिनेलच्या वासाने हा विषाणू मरत नाही, आणि लागण व्हायला त्याचे अगदी थोडे कण पुरतात.

सगळ्यात आधी पंखा बंद करा. उलटीचे बारीक शिंतोडे हवेत उडतात, वरचा पंखा ते खोलीभर पसरवतो. खिडकी उघडी ठेवा, बाकीच्यांना बाहेर काढा. हातमोजे, मास्क, प्लास्टिकचा एप्रन. उलटीवर जुनं वर्तमानपत्र किंवा फडकी टाका, ती भिजू द्या आणि कडेकडून मध्याकडे गोळा करत उचला. झाडू चालणार नाही. सगळं दुहेरी पिशवीत घालून तोंड बांधा. मग साबणाच्या पाण्याने पुसा, आणि त्यानंतरच ब्लीच. हा क्रम उलटा करू नका: घाण तशीच असताना ब्लीच ओतलं तर त्यातला क्लोरीन घाणीवरच खर्च होतो, विषाणूपर्यंत पोहोचत नाही.

आता प्रमाण. 'एक झाकण बादलीला' हा सल्ला जो देतो त्याला विचारा, कोणतं झाकण, केवढी बादली? सोडियम हायपोक्लोराइटच्या कॅनवर टक्के लिहिलेले असतात, ते वाचा. उलटी-जुलाब सांडलेल्या जागेसाठी ५,००० पीपीएम (द्रावणाच्या दहा लाख भागांत ५,००० भाग क्लोरीन) लागतं. कॅन ५ टक्क्यांचा असेल तर एक भाग ब्लीच आणि नऊ भाग पाणी, १० टक्क्यांचा असेल तर एकास एकोणीस. कॅन नसेल तर ताजी ब्लीचिंग पावडर (साधारण ३० टक्के क्लोरीनची) लिटरला १७ ग्रॅम, ढवळून, निवळी वरून ओतून घ्यायची. वर्षभर उघडी पडलेली पावडर फेकून द्या, तिच्यात दम राहिलेला नसतो. द्रावण प्लास्टिकच्या बादलीत, रोज नवं. ते जागेवर १० मिनिटं ओलं राहिलं पाहिजे. लगेच पुसलं तर सगळी मेहनत पाण्यात. दहा मिनिटांनी वेगळ्या फडक्याने साध्या पाण्याने पुसून घ्या, नाहीतर आजोबा घसरतील. पुसताना डाग दिसतो तेवढीच जागा न घेता आजूबाजूची दोन मीटर तरी धरा, पलंगाचे पाय आणि भिंतीचा खालचा भागही.

ब्लीचमध्ये दुसरं काहीही मिसळू नका. संडास साफ करायच्या अॅसिडबरोबर ते एकत्र आलं की क्लोरीन वायू निघतो, आणि बंद मोरीत तो जिवावर बेतू शकतो. मावशींना हे एकदा सांगून भागत नाही. दोन्ही बाटल्या वेगळ्या कपाटांतच ठेवा.

दाराच्या कड्या, दिव्याची बटणं, वॉकरच्या मुठी, व्हीलचेअरचे हात, कॉलबेल, टीव्हीचा रिमोट हे दिवसातून दोन-तीनदा १,००० पीपीएमने (५ टक्क्यांचं ब्लीच लिटरला २० मिली) पुसा. रिमोटवर द्रावण ओतू नका, फडकं पिळून वापरा. विसरला जातो तो नेमका रिमोटच.

खराब चादरी झटकायच्या नाहीत, आत गुंडाळून थेट मशीनमध्ये, ६० अंश किंवा जास्त तापमानाला. बेडपॅनवर पाइपाने जोरात फवारा मारू नका.

४. हात साबणानेच. भिंतीवरच्या सॅनिटायझरवर विसंबू नका. कोरोनाच्या विषाणूला चरबीचं आवरण होतं, ते अल्कोहोलने विरघळायचं. नोरोव्हायरसला ते आवरणच नाही. साबण, वाहतं पाणी, वीस सेकंद. जेवणाआधी आजी-आजोबांचेही हात धुवून द्या, हे कुणाच्या यादीत नसतं.

५. पाणी. या आजारावर औषध नाही, अँटिबायोटिकचा उपयोग नाही, जुलाब थांबवायच्या गोळ्या स्वतःच्या मनाने नाहीत. म्हातारपणी तहान कमी लागते, म्हणून 'पाणी हवं का?' असं विचारू नका, हातात वाटी द्या. जीवनदायी साखर-मिठाच्या पाण्याचं, म्हणजे ओआरएसचं एक लिटरचं पाकीट पूर्ण एक लिटर पाण्यात, २४ तासांत संपवायचं. उरलेलं ओतून द्या. उलट्या होत असतील तर दर काही मिनिटांनी चमचा-चमचा. मधुमेह आहे म्हणून ओआरएस टाळू नका, पण हृदय किंवा मूत्रपिंडाचा आजार असेल तर किती द्यायचं ते डॉक्टरांना विचारा. लघवी वाढवणाऱ्या, रक्तदाबाच्या आणि मधुमेहाच्या गोळ्यांबद्दल त्याच दिवशी विचारायचंच. काहींच्या बंद ठेवाव्या लागतात. जीभ कोरडी, लघवी कमी किंवा गडद, आणि काल व्यवस्थित बोलणारी आजी आज असंबद्ध बोलायला लागली, तर सलाईन लागेल असं समजून हालचाल करा.

६. आजारी कर्मचाऱ्याला भरपगारी सुट्टी. याबाबत मी कुणाचं ऐकत नाही. उलट्या-जुलाब थांबल्यावर आणखी ४८ तास घरी. पगार कापलात तर मावशी पोट धरून कामाला येईल आणि कुणाला सांगणार नाही. त्यात तिचा दोष नाही. स्वयंपाकघरातल्या माणसाला तर घरी पाठवण्यात एका तासाचीही हयगय नको.

७. कधी उघडायचं. शेवटच्या रुग्णाचा त्रास थांबून ४८ तास गेले, नवीन कुणी नाही, आणि पडद्यांसकट सगळी साफसफाई झाली की जेवणाचा हॉल उघडा. विषाणू शौचातून दोन आठवडे, कधी त्याहून जास्त दिवस जात राहतो, तेव्हा डायपर बदलणाऱ्यांची हातमोज्यांची शिस्त पुढेही तशीच. मग टीव्ही, भजन आणि शेवटी पत्ते. पत्त्यांचा जुना कॅट मात्र टाकून द्या, कागदी पत्ते धुता येत नाहीत.