कॅनडात नवीन आलात? आकड्याच्या आधी युनिट बघा

कॅनडा मेट्रिक देश आहे म्हणून आपण निर्धास्त येतो. किलो, लिटर, किलोमीटर, सगळं आपल्यासारखंच. अमेरिकेला गेलेल्या भावंडांसारखे मैल-गॅलन शिकायला नकोत. कायद्याने ते खरंही आहे, पण इथला बदल अर्ध्यावर थांबला. १ एप्रिल १९७५ पासून हवामानाचा अंदाज सेल्सिअसमध्ये येऊ लागला, १९७७ मध्ये रस्त्यांवरच्या पाट्या किलोमीटरमध्ये झाल्या. मग लोकांचा विरोध वाढला आणि १९८५ मध्ये हा बदल राबवणारं मेट्रिक कमिशनच गुंडाळलं गेलं. त्यामुळे सरकारी कागदावर मेट्रिक, आणि बाजारात, स्वयंपाकघरात, सुतारकामात जुनी मापं, असं आजही चालू आहे.

आधी दवाखान्याचं सांगते, कारण तिथला घोळ जिवावर बेतू शकतो. भारतात रक्तातली साखर मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरमध्ये मोजतात, इथे मिलिमोल प्रति लिटरमध्ये. इथल्या ग्लुकोमीटरवर ६.२ दिसलं की त्याला १८ ने गुणा, म्हणजे आपलं ११२ येईल. उपाशीपोटी ७.० किंवा त्याहून जास्त म्हणजे मधुमेहाची रेषा, आपल्याकडची १२६. साखर ४ च्या खाली गेली तर ती कमी झाली असं समजून लगेच काहीतरी गोड द्यायचं. भारतातून आलेले आई-बाबा स्वतःचं मशीन घेऊन येतात. त्यावर १४० दिसतं, इथल्या डॉक्टरांना तो आकडा ७.८ म्हणून सांगावा लागतो. आणि याच ७.८ ची तीन महिन्यांच्या सरासरीशी, म्हणजे एचबीए१सीशी, गल्लत होते. एचबीए१सी दोन्हीकडे टक्क्यांतच असतं आणि तिथे ७.८ चा अर्थ अगदी वेगळा. म्हणून डॉक्टरांशी बोलताना कुठली तपासणी आणि कुठलं युनिट, दोन्ही तोंडाने सांगा.

बाकीचा रिपोर्टही पहिल्यांदा बघताना छातीत धस्स होतं. क्रिएटिनिन ८४! आपल्याकडे १.२ म्हटलं तरी घरात काळजी सुरू होते. हे ८४ मायक्रोमोल प्रति लिटर आहेत, ८८.४ ने भागलं की ०.९५ येतं, एकदम व्यवस्थित. हिमोग्लोबिन १२८ म्हणजे आपलं १२.८, कारण इथे ते एका लिटरमागे मोजतात. कोलेस्टेरॉल ५.२ म्हणजे आपलं २००. रिपोर्टचा फोटो पुण्याच्या किंवा नागपूरच्या डॉक्टरांना व्हॉट्सअ‍ॅप करणार असाल तर युनिटचा रकाना कापू नका, अख्खं पान पाठवा.

तापाच्या बाबतीत मात्र उलटं आहे. तिथे जुनं माप, म्हणजे फॅरनहाइट, आपण घेऊन येतो. '१०२ ताप आहे' हे आपल्या तोंडी बसलेलं असतं. ऑन्टारिओत रात्री ८११ ला फोन करून नर्सशी बोलता येतं, पण ती सेल्सिअसमध्ये विचारेल. ३८ म्हणजे १००.४, इथून ताप धरतात. ३९ म्हणजे १०२.२ आणि ४० म्हणजे १०४. हे तीन आकडे फ्रिजवर लिहून ठेवा. बाळ तीन महिन्यांच्या आतलं असेल आणि ३८ दिसलं, तर सकाळची वाट बघू नका, तेव्हाच डॉक्टरांकडे न्या.

लहान मुलांच्या पॅरासिटामॉलबद्दल (इथे बाटलीवर असिटामिनोफेन लिहिलेलं असतं) तर मी प्रत्येक नव्या आई-बाबांना अडवून सांगते. आजी फोनवर म्हणते, 'पाच एमएल दे.' तिच्या डोळ्यांसमोर पाच मिलिलिटरला १२० मिलिग्रॅमचं सिरप असतं. इथल्या मोठ्या मुलांच्या सिरपच्या पाच मिलिलिटरमध्ये १६० मिलिग्रॅम असतात. आणि तान्ह्या बाळांचे थेंब एका मिलिलिटरला ८० मिलिग्रॅम, म्हणजे पाच मिलिलिटर दिले तर ४००! मिलिलिटर तेच, औषध कितीतरी पट. डोस बाळाच्या किलोतल्या वजनावर आणि मिलिग्रॅमवर ठरतो, म्हणून बाटली हातात धरून फार्मासिस्टला विचारा. ते नीट समजावून सांगतात, त्याचे पैसे पडत नाहीत. औषधासोबत आलेल्या सिरिंजनेच मोजा, घरातला चमचा वापरू नका.

युनिटच्या घोळाचं सगळ्यात मोठं उदाहरण याच देशात घडलंय. २३ जुलै १९८३ ला एअर कॅनडाचं नवंकोरं बोइंग ७६७ मॉन्ट्रियलहून ऑटवामार्गे एडमंटनला निघालं होतं. इंधनाचा हिशेब किलोत हवा होता, पण लिटरचं वजन काढताना ०.८ ऐवजी पाउंडांचा १.७७ हा आकडा वापरला गेला. पाहिजे त्याच्या निम्म्याहून कमी इंधन घेऊन विमान उडालं आणि ४१,००० फुटांवर असताना इंधन संपत आलं, मग एकामागून एक दोन्ही इंजिनं बंद पडली. वैमानिकांनी ते तरंगत मॅनिटोबातल्या गिमलीच्या जुन्या हवाई तळावर उतरवलं, सगळे वाचले. हिशेब तपासणारी माणसं चांगली शिकलेली आणि अनुभवी होती. आपण तर घाईत, झोपमोड झालेली असताना औषध मोजत असतो.

बाजारात एवढा धोका नाही, पण पैशाचा अंदाज चुकतो. सफरचंदांवर मोठ्या अक्षरांत १.९९ डॉलर असतं, ते पाउंडाला. खाली बारीक अक्षरांत ४.३९, ते किलोला. काउंटरवरचा काटा किलोचाच, त्यामुळे पावतीवर '०.८६० किलो, दर ४.३९, एकूण ३.७८' असं येतं. पाउंड म्हणजे साधारण साडेचारशे ग्रॅम. दुसऱ्या दुकानाशी तुलना करायची तर नेहमी बारीक आकडा बघा.

ओव्हन बहुतेक घरांत फॅरनहाइटचा असतो. नानकटाईच्या कृतीत १८० लिहिलं असेल तर इथे ३५० लावा. १८० वरच ठेवलंत तर तासाभरानेही ती कच्ची राहील.

थंडीचा अंदाज ऐकताना तापमान आणि विंड चिल (वाऱ्यामुळे अंगाला जाणवणारी थंडी) असे दोन आकडे येतात. विंड चिलला अंश लावत नाहीत, नुसतं 'उणे तीस' म्हणतात. कपडे त्या दुसऱ्या आकड्याप्रमाणे घाला. उणे २८ च्या खाली उघडी त्वचा दहा ते तीस मिनिटांत गोठू शकते, तेव्हा मुलांचे कान आणि बोटं झाकलेली आहेत ना ते बसस्टॉपवर जाण्याआधी बघा.

गाडीचं मायलेज इथे उलटं लिहितात, १०० किलोमीटरला किती लिटर. आकडा जितका लहान तितकं चांगलं. आपलं लिटरला १५ म्हणजे इथलं ६.७. टायरमधली हवा दारावरच्या स्टिकरवर किलोपास्कलमध्ये आणि पंपावर बऱ्याचदा पीएसआयमध्ये असते. २२० म्हणजे ३२. आणि नायगारा बघून अमेरिकेतल्या बफेलोला जायचा बेत असेल, तर पूल ओलांडताच पाट्या मैलांच्या होतात. तिथे ५५ ची पाटी म्हणजे ताशी ८८ किलोमीटर. बहुतेक गाड्यांच्या स्पीडोमीटरवर आतल्या बाजूला मैलांचे बारीक आकडे असतात, डिजिटल असेल तर सेटिंगमध्ये बदलता येतं. हे पुलाच्या अलीकडे, गाडी उभी असतानाच करून घ्या, आणि परत आल्यावर पुन्हा किलोमीटर लावायला विसरू नका.