मन सावरण्यासाठी पळता? मग या चुका टाळा

परभणीत कृषी विद्यापीठाच्या रस्त्यावर पहाटे साडेपाचला गेले, की भरतीची तयारी करणारी मुले-मुली टोळक्याने पळताना दिसतात. अंबड, औसा, कळमनुरी, कुठल्याही तालुक्याच्या गावी हेच दृश्य आहे. मराठवाड्यात पळणे रुजले ते मुख्यतः पोलीस आणि सैन्य भरतीमुळे: पोलीस भरतीत मुलांना १६०० मीटर, मुलींना ८०० मीटर, आणि सगळा हिशेब सेकंदांचा. या भरतीने अनेक घरांची चूल पेटती ठेवली आहे, त्यामुळे तिच्याविषयी माझ्या मनात आदरच आहे. परंतु अलीकडे याच रस्त्यावर आणखी काही माणसे येऊ लागली आहेत. कुणाची झोप उडालेली असते, कुणी नापिकीने किंवा परीक्षेच्या निकालाने खचलेले असते, कुणाला डॉक्टरांनी रोज थोडे चालायला-पळायला सांगितलेले असते. ही माणसेही भरतीच्याच पद्धतीने पळू लागतात, कारण दुसरी पद्धत त्यांनी कधी पाहिलेली नसते. दोन-तीन आठवड्यांत त्यांचे येणे थांबते आणि ‘पळूनही काही फरक पडला नाही’ एवढेच त्यांच्या मनात उरते. मी स्वतः नैराश्यावर उपचार घेत असताना याच रस्त्यावर पळायला लागलो. पुढे सांगितलेल्या चुकांपैकी बऱ्याच मी केलेल्या आहेत.

घड्याळ लावून पळणे

दोन वर्षांपूर्वी जिंतूर तालुक्यातील एका मुलाला त्याचे काका माझ्याकडे घेऊन आले. भरतीत दुसऱ्यांदा थोडक्या गुणांनी राहिल्यापासून तो कित्येक महिने खोलीबाहेर पडत नव्हता. पहिल्याच दिवशी त्याने मनगटावरचे घड्याळ सुरू केले, जिवाच्या आकांताने सोळाशे मीटर पळाला आणि कडेच्या पुलाच्या कठड्याला धरून ओकला. तोंड पुसण्याच्याही आधी त्याने घड्याळात पाहिले, ‘सहा-चाळीस’ एवढेच म्हणाला, आणि पुढचे तीन दिवस आलाच नाही. कधी काळी तो हेच अंतर साडेपाच मिनिटांच्या आत पळत असे. म्हणजे मन सावरायला म्हणून तो आला होता आणि पहिल्या सात मिनिटांतच आपण किती खाली आलो आहोत याचा आकडा हातात घेऊन परत गेला.

चौथ्या दिवशी काकांनी त्याला पुन्हा आणले, तेव्हा घड्याळ काकांच्या खिशात ठेवायला लावले आणि एकच अट घातली. पळताना माझ्याशी बोलायचे, आणि ज्या क्षणी वाक्य मध्येच तुटेल त्या क्षणी चालायला लागायचे. तो घरच्या म्हशीविषयी बोलला, विहिरीवरच्या मोटारीविषयी बोलला, आणि पहिल्या आठवड्यात पळण्यापेक्षा चाललाच जास्त. पाचव्या आठवड्यात त्याने जे सांगितले त्यात वेगाचा उल्लेखच नव्हता. रात्री झोप लागते आणि सकाळी भाकरी खावीशी वाटते, असे तो म्हणाला.

सावकाश पळणे म्हणजे अर्धवट व्यायाम, हा समज खोटा आहे. नॉर्वेमध्ये ३३,९०८ प्रौढांची सुमारे ११ वर्षे पाहणी करून २०१८ च्या सुमारास प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असा अंदाज निघाला, की प्रत्येकाने आठवड्याला किमान एक तास व्यायाम केला असता तर नैराश्याची सुमारे १२ टक्के प्रकरणे टळू शकली असती. आणि हा लाभ व्यायाम किती जोरात केला यावर अवलंबून नव्हता. आठवड्याला एक तास म्हणजे वीस-वीस मिनिटांचे तीन दिवस. जागतिक आरोग्य संघटना सर्वसाधारण आरोग्यासाठी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम हालचाल सांगते, परंतु तेथपर्यंत हळूहळू पोचायचे असते. खचलेल्या माणसासमोर तो आकडा पहिल्याच दिवशी ठेवू नये.

मुले मला अनेकदा अविनाश साबळे यांचे नाव सांगतात, आणि अभिमान वाटावा असेच ते नाव आहे. आष्टी तालुक्यातील मांडव्याच्या या धावपटूने २०२४ मध्ये पॅरिसला ३००० मीटर स्टीपलचेस (अडथळे आणि पाण्याचा खड्डा ओलांडत पळायची शर्यत) ८ मिनिटे ९.९१ सेकंदांत पूर्ण करून राष्ट्रीय विक्रम केला. मात्र लांब पल्ल्याचे अव्वल धावपटूसुद्धा आपल्या सरावाचा मोठा भाग, साधारण पाचपैकी चार हिस्से, सावकाशच पळतात, हे त्या मुलांना कुणी सांगितलेले नसते.

‘इच्छा झाली की जाऊ’ म्हणून थांबणे

नैराश्यात सर्वांत आधी जाते ती इच्छा. त्यामुळे इच्छेची वाट पाहणाऱ्याला ती येतच नाही. क्रम उलटा आहे: आधी पाय हलतात आणि मन मागाहून येते, तेही लगेच नाही. ॲमस्टरडॅममध्ये नैराश्य आणि चिंता असलेल्या १४१ रुग्णांपैकी बहुतेकांना औषध घ्यायचे की पळायचे, हे स्वतः निवडता आले; थोड्यांचा गट चिठ्ठी टाकल्यासारखा ठरवला गेला. पळण्याच्या गटात ९६ जण होते आणि औषधाच्या गटात ४५. १६ आठवड्यांनंतर दोन्ही गटांत बरे होण्याचे प्रमाण जवळपास सारखे, सुमारे ४४ टक्के होते. याच अभ्यासातील दुसरा आकडा मला अधिक महत्त्वाचा वाटतो: औषधाच्या गटात ८२ टक्के लोक शेवटपर्यंत टिकले, तर पळण्याच्या गटात केवळ ५२ टक्के. बहुतेकांनी आवडीने निवडलेले पळणेही जवळपास निम्म्या लोकांना टिकवता आले नाही. म्हणून अडचण इच्छाशक्तीची आहे असे समजून स्वतःला दोष देत बसण्यापेक्षा पळणे इतके सोपे करावे की ते टाळायला कारण सापडू नये. बूट रात्रीच दाराशी काढून ठेवावेत. ‘फक्त कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत’ एवढेच ठरवावे आणि तेथून परत फिरले तरी तो दिवस पूर्ण धरावा. एखादा दिवस चुकला तर दुसऱ्या दिवशी त्याची भरपाई म्हणून दुप्पट पळू नये, कारण भरपाई सुरू झाली की पळण्याला शिक्षेचे रूप येते.

पळाल्यावर काहींना जी आनंदाची धुंदी येते, ती पहिल्याच आठवड्यात येईल, अशी आशाही सोडून द्यावी. पळाल्यावर रक्तात एंडॉर्फिन हे शरीराचे स्वतःचे वेदनाशामक द्रव्य वाढते हे खरे असले तरी ते रक्तातून मेंदूत सहजासहजी शिरत नाही. त्या हलकेपणामागे शरीरातच तयार होणारी एंडोकॅनाबिनॉइड नावाची द्रव्ये असावीत, असे आता अधिक मानले जाते. ते काहीही असो, मला स्वतःला ती धुंदी फार क्वचित अनुभवाला आली आणि तिच्यावाचून काही अडले नाही.

‘शेतात राबतो, घरात राबते, तोच व्यायाम’

कापूस वेचणाऱ्याच्या, ऊस तोडणाऱ्याच्या, पाणी भरून स्वयंपाक करणाऱ्या बाईच्या शरीराला कष्ट पुरेपूर असतात, यात शंका नाही. मात्र फावल्या वेळात स्वतःच्या मर्जीने केलेल्या हालचालीचा कमी नैराश्याशी जसा संबंध आढळतो, तसा पोटासाठी केलेल्या अंगमेहनतीचा आढळत नाही. उसाच्या फडात वेग आपल्या हातात नसतो आणि मुकादमाकडून घेतलेल्या उचलीचा हिशेब प्रत्येक मोळीबरोबर डोक्यात चालू असतो. अशा माणसाला ‘पळा’ म्हणणे अन्यायाचे आहे. त्याला आधी झोप आणि विसावा हवा, आणि जमल्यास संध्याकाळी सोबत्याबरोबर पंधरा मिनिटांचे बिनकामाचे चालणे.

बायकांची अडचण वेगळी आहे. एकटीने पळायला निघालेल्या बाईकडे लोक वळून बघतात आणि अंधारात कुत्री मागे लागतात. आमच्या गल्लीतील पाच जणींनी यावर स्वतःच मार्ग काढला. पोरांचे डबे भरून झाले की त्या पंजाबी ड्रेस आणि साध्या बुटांत एकत्र निघतात, शाळेच्या मैदानाला सहा-सात फेऱ्या मारतात आणि शेवटची फेरी हळूहळू पळतात. त्यांपैकी एक वहिनी सांगत होत्या, की दिवसभरात कुणी हाक मारत नाही असा तेवढाच अर्धा तास त्यांना मिळतो.

विद्यार्थ्यांविषयी थोडे सांगितले पाहिजे. लातूर आणि छत्रपती संभाजीनगर येथे क्लाससाठी राहणारी मुले रात्री एकला झोपतात आणि कुणाचे तरी ऐकून पहाटे पाचला पळायला उठतात. चार तासांच्या झोपेतून कापलेले पळणे चिंता कमी करण्याऐवजी वाढवू शकते. दोन तासिकांच्या मधल्या वेळेत, उजेडात, वीस मिनिटे भरभर चालणे त्यांच्यासाठी कितीतरी बरे.

पळणे सुरू केले म्हणून गोळ्या बंद करणे

सगळ्यांत धोक्याची चूक हीच आहे, आणि ती बहुतेक वेळा चांगल्या दिवसांत होते. थोडे बरे वाटू लागते, गोळ्यांची लाज वाटत असतेच, आणि ‘आता पळतो ना’ म्हणून त्या परस्पर बंद होतात. मीही तसेच केले होते. पहिले दहा-बारा दिवस काहीच जाणवले नाही, त्यानंतर चक्कर, चिडचिड आणि रडू एकदमच सुरू झाले, आणि डॉक्टरांकडे परत जायला मला आणखी महिना लागला. २०२४ मध्ये २१८ चाचण्या आणि १४,१७० सहभागी यांचा एकत्रित आढावा घेतला गेला, त्यात चालणे-पळणे, योगासने आणि ताकदीचा व्यायाम हे नैराश्यावर चांगले उपयोगी ठरतात असे दिसले. परंतु त्याचा अर्थ स्वतःच्या मनाने औषध तोडावे असा होत नाही. गोळी कमी करायची असेल तर ती डॉक्टरच टप्प्याटप्प्याने कमी करतात.

ज्यांना लिथियम (मनाच्या टोकाच्या चढउतारांवर दिले जाणारे औषध) सुरू आहे त्यांनी आपल्या भागातील उन्हाळ्यात विशेष जपावे. घाम जाऊन शरीरातील पाणी आणि मीठ कमी झाले, की रक्तातील लिथियम वाढून त्याची विषबाधा होऊ शकते. हात जास्त थरथरणे, उलट्या-जुलाब, चालताना तोल जाणे, बोलणे जड होणे, यांपैकी काही दिसल्यास पळणे थांबवून त्याच दिवशी दवाखाना गाठावा. मानसिक आजाराच्या इतर काही औषधांनीही शरीराची उष्णता बाहेर टाकण्याची क्षमता घटते, म्हणून पळायला सुरुवात करण्याआधी कोणती गोळी चालू आहे ते सांगून डॉक्टरांना विचारून घ्यावे.

छाती धडधडली म्हणून घाबरणे

ज्यांना अचानक भीतीचे झटके येतात त्यांना पळताना वाढलेले ठोके, धाप आणि घाम म्हणजे झटकाच वाटतो, आणि ते पळणे कायमचे सोडतात. एकदा डॉक्टरांकडून हृदय तपासून घेतल्यावर चालण्यापासून सुरुवात करावी, मग एक मिनिट पळून दोन मिनिटे चालावे, आणि ठोके आपोआप खाली येताना लक्ष देऊन अनुभवावेत. धडधड येते आणि जाते, तिने काही बिघडत नाही, हे शरीराला अशाच सरावातून कळते. मात्र छातीत दाब, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ, डोळ्यांपुढे अंधारी, असे काही झाले तर त्याला भीतीचा झटका समजून अंगावर काढू नये.

ऊन, चिखल आणि खंड

मे महिन्यात येथे पारा चाळिशी ओलांडून जातो. सूर्य पावणेसहाच्या सुमारास उगवतो आणि सातनंतर पळणे त्रासाचे होते. पावसाळ्यात काळ्या मातीचा चिखल बुटाला असा थापला जातो, की दहा पावलांत प्रत्येक बूट किलोभराचा होतो आणि घोटा मुरगळतो. दोन्ही ऋतूंत खंड पडतो, आणि पडलेला खंडच पुढे कारण होऊन बसतो. त्यासाठी पर्यायी हालचाल आधीच ठरवून ठेवावी: गच्चीवर चालणे, जिन्याच्या पायऱ्या, दहा-बारा सूर्यनमस्कार, जोर-बैठका. महिनाभर खंड पडला असेल तर पुन्हा जुन्या अंतरापासून सुरू न करता निम्म्यापासून करावे.

पळूनही मन खालीच जात असेल तर

पहिला प्रश्न असा विचारावा, की पळताना डोक्यात काय चालू असते. तेच कर्ज, तोच अपमान, तोच निकाल घोळत असेल तर एकट्याने लांब पळू नये. सोबती घ्यावा, किंवा चार पावलांत श्वास आत आणि चार पावलांत बाहेर असे मोजत राहावे. दुसरा प्रश्न अतिरेकाचा आहे. एक दिवस चुकला तरी अपराधी वाटणे, दुखऱ्या गुडघ्याने पळणे, सकाळी अंथरुणातच नाडी नेहमीपेक्षा जलद लागणे आणि दमूनही झोप न येणे, ही जास्त पळत असल्याची चिन्हे आहेत, आणि अतिसरावाने मनही खचते. आठवडाभर केवळ चालावे आणि पोटभर जेवावे. तिसरे म्हणजे रक्त तपासावे. हिमोग्लोबिन, बी-१२ आणि थायरॉईड यांची कमतरता अगदी नैराश्यासारखाच थकवा आणते. आपल्याकडील बायकांमध्ये रक्तक्षय इतका सर्रास आहे, की ‘आळस’ म्हणून हिणवलेल्या कित्येक जणींना खरे तर लोहाची गरज असते.

दोन आठवड्यांहून अधिक काळ मन उदास असेल, कामात लक्ष लागत नसेल, तर पळण्याच्या प्रयोगांत वेळ न घालवता जिल्हा रुग्णालयातील मानसोपचार विभागात जावे. जगणे नको वाटत असेल तर त्याच क्षणी कुणाला तरी सांगावे. ‘टेलिमानस’ या सरकारी सेवेचा १४४१६ हा क्रमांक रात्रंदिवस विनामूल्य चालतो आणि मराठीतही बोलता येते. अशी भाषा घरातील कुणाच्या तोंडून ऐकली तर त्याला एकटे सोडू नये आणि शेतावरची फवारणीची औषधे त्याच्या हाती लागणार नाहीत अशी कुलपात ठेवावीत.

‘जा, जरा पळून ये’ असे सांगणे

ही चूक घरच्यांची आहे आणि ती प्रेमापोटीच होते. खचलेल्या माणसाला त्यात सल्ला ऐकू येत नाही, आपल्याला घरातून घालवत आहेत असे वाटते. जिंतूरच्या त्या मुलाचे काका साठीला आलेले होते, त्यांना पळता येत नव्हते आणि भरतीतले काही कळतही नव्हते. ते रोज पहाटे त्याच्या खाटेपाशी जाऊन एवढेच म्हणत, ‘मी फाट्यापर्यंत चाललोय, एकट्याला कंटाळा येतो, येतोस का?’ पहिले आठ-नऊ दिवस ते एकटेच गेले. दहाव्या दिवशी तो चप्पल घालून त्यांच्या मागे निघाला, आणि त्यानंतर पंधरवड्याने ते त्याला माझ्याकडे घेऊन आले.