खारफुटीची रोपं खारट पाण्यात मान टाकतायत? या चुका टाळा

खारफुटीच आहे ना, मग कितीही मीठ चालेल, असं धरून चालणं ही पहिली चूक. तिला मिठाची हौस नसते, ती ते निभावून नेते. समुद्राच्या एक लिटर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम मीठ असतं. कांदळ आणि तिवर या खारफुटीच्याच दोन जाती. कांदळ त्यातलं ९० टक्क्यांहून जास्त मुळाशीच अडवतो, तिवर पण बरंचसं अडवतो आणि तरी आत शिरलेलं पानांवरच्या ग्रंथींतून बाहेर टाकतो. पण पाणी जितकं खारट तितका ते वर ओढायला जोर जास्त लागतो, म्हणून पानं लहान नि जाड होतात, वाढ खुंटते.

तिवराच्या पानावर पांढरे कण दिसले की काही जण बुरशी समजून फवारणी करतात, अहो जीभ लावून बघा, मीठच आहे ते!

आता खरी गडबड. खारटपणा मोजायचा म्हणून लोक भरतीचं पाणी बाटलीत भरतात आणि आकडा ठीक आला की निवांत होतात. मुळं राहतात चिखलात! झाड पाणी घेतं नि मीठ बाहेर ठेवतं, वरून ऊन पाणी उडवतं, त्यामुळे मुळांभोवती मीठ साचत जातं आणि तिथलं पाणी समुद्रापेक्षा कितीतरी खारट होऊ शकतं. ओहोटीला मुळांच्या खोलीइतका खड्डा करा, त्यात झिरपलेलं पाणी रिफ्रॅक्टोमीटरवर (खारटपणा मोजायच्या छोट्या यंत्रावर) बघा. भरतीच्या पाण्यापेक्षा आकडा बराच वर असेल तर आधी पाण्याची वाट शोधा, बहुतेक कुठेतरी भराव किंवा बांध आडवा आलेला असतो, नाहीतर ओहोळ गाळाने बुजलेला असतो, आणि तो मोकळा केल्याशिवाय तुम्ही दरवर्षी नवी रोपं लावलीत तरी तीही जाणारच. आणि हो, खेकड्यांची बिळं बुजवू नका, भरतीचं पाणी त्यातून खोल जातं आणि साचलेलं मीठ धुऊन काढतं.

पानं पिवळी पडली की लगेच मिठाला दोष देऊ नका. खालची जुनी पानं पिवळी होऊन गळणं नॉर्मल आहे, कोवळी पिवळी पडत असतील तर श्वसनमुळं, म्हणजे हवा घ्यायला चिखलाच्या वर आलेली मुळं, बघा. ती गाळाखाली गेली असतील तर मुळांना ऑक्सिजन मिळत नाही आणि हवेविना मुळांना मीठ अडवणंही जमत नाही, म्हणजे दिसतं मिठाचं दुखणं, पण मूळ कारण गाळ.

अशा वेळी युरिया तर नकोच. नत्राने पाला फोफावतो, त्या मानाने मुळं वाढत नाहीत, मग कोरड्या दिवसांत खारटपणा चढला की एवढ्या पाल्याला पाणी पुरत नाही आणि झाड वाळतं.

नर्सरीत गोड्या पाण्यावर वाढवलेली रोपं थेट खाडीत नेऊन लावता का? आधी काही आठवडे पाण्यातलं मीठ टप्प्याटप्प्याने वाढवा. जागा फारच खारट असेल तर कांदळाचा हट्ट सोडून तिवर लावा, तो समुद्राच्या दुप्पट खारटपणातही तग धरतो, बुटका राहील एवढंच.